माळेमागचं बटण

दसऱ्याच्या पूजेत मशीन बंद करायच्या लाल बटणावर हार घालू नका, असा मेसेज आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर आला होता. मी तो अर्धवट वाचून सोडून दिला. परवा सुरतेत उधन्याच्या दवाखान्यात बाळाच्या लसीसाठी बसले होते. शेजारी एक वयस्कर खानदेशी जोडपं होतं. बाईंच्या उजव्या हाताला भलीमोठी पट्टी, आणि नवरा त्यांना केळं भरवत होता.

"मंगला, मशीनमध्ये बाही ओढली गेली, तेव्हा लाल बटण दाबायचं सोडून ओरडत काय बसलीस?"

"त्याच्यावर कुंकू होतं, झेंडूची माळ होती. देवाला काय बोटानं ढोसायचं?"

"धन्य आहे बाई तुझी!"

"काल मालकानं शिकवायला एक ताई आणली. तिनं सगळ्यांना बटण दाबायला लावलं. मी नुसती हात जोडून उभी. म्हणाली, मावशी, आधी पाया पडा, मग दाबा."

"मग?"

"दाबलं की, डाव्या हातानं. मशीन जागच्या जागी गप्प! तुमच्या कारखान्यातल्या लूमचं बटण कुठंय हो?"

"असेल तिथंच."

"तिथंच म्हणजे कुठं?"

"आमच्याकडे कोण येतंय शिकवायला?"

"उद्या डबा घेऊन मीच येते. मला दाबून दाखवायचं."

"अगं, सगळे हसतील."

"हसू दे. तुमचाही हात गेला तर मला केळं कोण भरवणार?"

"बरं, ये. आता आ कर."

मी तिथूनच पांडेसऱ्याच्या मिलमध्ये नवऱ्याला फोन लावला. तुमच्या घरचं कोणी मशीनवर असेल, तर आज त्याला एवढं विचाराच: तुझं लाल बटण कुठं आहे?