सरांना कबूल केलेलं एक खरं वाक्य

मंडळी, सर मला फुकट शिकवून गेले, असं आत्ताच कोणीतरी म्हणालं. फुकट नाही. त्यांच्या एका प्रश्नापायी माझी दुपारची झोप गेली, दोन जिवलग मित्र गेले आणि मंदिर समितीचं अध्यक्षपद गेलं. आता प्रश्न विचारणारेही गेले. त्यांच्या शोकसभेला तुम्ही एवढे जमलात.

जाम गावच्या चौकात माझ्या टायरच्या दुकानापुढे मी पाणपोई लावली होती. वर माझं नाव, हातभर अक्षरांत. तत्त्वज्ञान शिकवणारे आपले सर पंक्चर काढायला थांबले, पाणी प्यायले, पाटी वाचली.

"तहान कोणाची भागून राह्यली इथं? वाटसरूची का तुह्या नावाची?"

मी नाव पुसलं. मग समितीत देणगीदारांच्या पाट्यांबद्दल तोच प्रश्न विचारला. पुढचं तुम्हाला ठाऊक आहे!

सर म्हणायचे, आपली नीती म्हणजे शेजाऱ्याचं भेव, लोक काय म्हणतील ही भीती. ते खरवडा, खाली काही उरतं का पाहा. नसेल तर नवं घडवा. मी चिडायचो. "सर, जुनं घर तुम्ही पाडलं. नवं कुठं आहे?"

"शोधून राह्यलो ना बाप्पा!"

शोधता शोधता गेले. आता मी कोणाला विचारू?

एकदा अशाच शोकसभेतून परतताना म्हणाले, "जित्तेपणी ज्याच्याशी कोणी धड बोललं नाई, तो मेल्यावर देवमाणूस कसा होते बे? माझ्या सभेत एक तरी खरं बोलजो." मी हो म्हणालो.

आत्ता मागच्या रांगेत कुजबुज झाली, 'देवमाणूस म्हण अन् मोकळा हो.' कान शाबूत आहेत माझे, भाऊ! पण समोर काकू आहेत, सरांच्या पत्नी. खरं बोललो तर त्यांना लागेल. नाही बोललो तर शब्द जाईल. सकाळी त्याच म्हणाल्या, "खरं बोलजो भाऊ. खोटं ऐकलं का त्यायले ठसका लागे."

तर ऐका. बोरगाव मेघे गावातल्या त्यांच्या अंगणात दर रविवारी आम्ही नवी मूल्यं शोधायला बसायचो. सर छाती काढून सांगायचे, "ह्या अंगणात कोणी लहान नाई, कोणी मोठं नाई."

चला, सरांसाठी थोडा वेळ शांत उभे राहू. काकू, तुम्ही बसून राहा. त्या अंगणात चहा घेऊन तुम्ही उभ्याच असायचात. बसा, असं आम्ही कोणी, सरांनीही, तुम्हाला कधी म्हटलं नाही.