सहकर्जदार

...आता तुम्हीच सांगा, कर्ज फिटलं, पै न पै फिटलं, तरी आपल्याच घराचे कागद आपल्याला मिळू नयेत? जळगावच्या शाखेत टोकन घेऊन दीड तास बसलो, नंबर आला, काउंटरवरच्या पूनम मॅडमनी फाइल उघडली, आत दोन फोटो, एक माझा आणि एक बाईचा, आणि मान वर न करता म्हणतात, “काका, सहकर्जदार कुठे आहेत? दोघांच्या सह्या लागतात. सहकर्जदाराला घेऊन या.”

सहकर्जदार म्हणजे माझी बायको. कामिनी. चोवीस वर्षांत मी तिला काय काय म्हणून हाक मारली असेल, पण हे नाव ठेवलं ते बँकेनं.

आणि खरं सांगतो, चुकीचं नाही ठेवलं. कर्ज मी घेतलं, फेडलं तिनं. मी एरंडोलला कापसाच्या जिनिंगमध्ये सुपरवायझर. दोन हजार अकरा साली घरासाठी अकरा लाख उचलले, वीस वर्षांच्या बोलीवर, महिन्याला अकरा हजार हप्ता. मी आपला खूश, हप्ता जातोय म्हणजे कर्ज फिटतंय, नाही का? वर्षानं बँकेचा उतारा आला. हिनं चष्मा लावून तो तीनदा वाचला, बोटांवर काहीतरी मोजलं. ती पिंपळनेरची, चिडली की माहेरच्या बोलीत यायची. म्हणाली, “अकरा हजारमा दीड हजारच मुद्दल? बठ्ठा पैसा याजमाच जाई राहिना. हाई घर आपलं नही, बँकनं शे.” म्हणजे सगळा पैसा व्याजातच चाललाय, घर अजून बँकेचंच.

झालं. त्या दिवसापासून दिवाळीचा बोनस आला की मुदलात. ब्लाउज शिवायची, फॉल-पिको करायची, ते मुदलात. मे महिन्यात घराची भट्टी व्हायची, मी म्हणायचो, “एसी घेऊ.” “कर्ज फिटू द्या.” मी म्हणायचो, “आपल्या भूमिकाच्या शाळेला सुट्टी आहे, महाबळेश्वरला जाऊ.” “कर्ज फिटू द्या.” एकदा मी न विचारता बिनव्याजी हप्त्यावर टीव्ही आणला, तर तुम्हाला सांगतो, तिनं त्या दुकानदाराला फोन करून, व्याज नाही ना, मग ही फाइलची फी कसली, हा विमा कुणाचा, रोखीत घेतला तर किती कमी, असं चार दिवस विचारलं. पाचव्या दिवशी तो बिचारा स्वतःच रिक्षा घेऊन टीव्ही परत न्यायला आला. जाताना मला म्हणाला, “भाऊ, तुम्ही नशीबवान आहात.” मला तेव्हा ती थट्टा वाटली.

वीस वर्षांचं कर्ज चौदा वर्षांत आणलं हो तिनं शेवटाला. चाळीस हजार तेवढे उरले, आणि ते तिनं बाजूला काढूनही ठेवले होते. नेमकं तेव्हाच तिला जिना चढताना धाप लागायला लागली. डॉक्टर म्हणाले, जळगावला जाऊन हृदयाची तपासणी करा, पंधरा-वीस हजार लागतील. ही म्हणाली, “एवढा भरणा होऊ द्या. महिनाभराचा तर प्रश्न आहे, पुढच्या पगारात तपासणी करू.”

आणि मी हो म्हणालो.

...नाही, तिच्या हट्टापुढे माझं काही चालत नव्हतं वगैरे मी लोकांना सांगतो. तुम्हाला नाही सांगत. मलाही वाटलं होतं, एकदाचं फिटू दे.

भरणा झाला. मोबाइलवर शिल्लक कर्ज शून्य आलं. शिलाई मशीन थांबवून ती बराच वेळ बघत बसली, मग म्हणाली, “आते हाई घर आपलं शे.” आणि लगेच सोमवारचा बेत. “सोमवारी जळगावला जाऊ. बँकेतून कागद घेऊ, तशीच तपासणी करून येऊ. एकाच खेपेत दोन्ही कामं होतील. माझं तर एस.टी.चं तिकीटही अर्धंच.”

शनिवारी दुपारी ती मशीनवरच गेली. समोर कुणाचं तरी ब्लाउज, एक बाही लावायची राहिलेली.

आता हे मी त्या पूनम मॅडमना काउंटरवर कसं सांगू? म्हटलं, “त्या येऊ शकत नाहीत.” “आजारी आहेत?” “नाही.” “गावाला गेल्यात?” मी मान हलवली. “मग आल्या की सहकर्जदाराला घेऊन या.” मी बरं म्हणून मान डोलावत घरी आलो. पुढच्या आठवड्यात परत गेलो. का गेलो, विचारू नका. परत तेच, सहकर्जदाराला घेऊन या. तिसऱ्या खेपेला बाई वैतागल्या. “काका, नक्की कधी येणार आहेत त्या? एक तारीख सांगा ना.”

तारीख. म्हटलं, “मॅडम, तारीख झाली. नऊ ऑगस्ट.”

त्यांनी मान वर केली. मग उठून बाहेर आल्या, मला आत खुर्चीवर बसवलं, पाणी दिलं, हळू आवाजात सांगितलं, मृत्यूचा दाखला आणा, मुलीची संमती लागेल. भूमिका पुण्याहून आली, सह्या झाल्या, कागद मिळाले, ती जळगावहूनच परत गेली. एस.टी.त ती पिशवी मी मांडीवर घेऊन बसलो होतो. शेजारची सीट रिकामी होती. कुणी बसायला आलं की मी म्हणायचो, आहे कुणीतरी.

आता घर आपलं आहे. चार खोल्या, कुणाचं एक पैशाचं देणं नाही. मी जेवतो, झोपतो, मशीनवरची धूळ पुसतो.

परवा फोन आला, कुठल्याशा दुसऱ्या बँकेतून, गोड आवाजाची मुलगी. “सर, तुमचं रेकॉर्ड खूप छान आहे, नवीन कर्ज मंजूर आहे. आणि सर, मॅडमचं रेकॉर्ड तर तुमच्यापेक्षा चांगलं आहे. त्यांच्या नावावर घेतलं तर व्याजही कमी लागेल. करू का पुढची प्रोसेस?”



म्हटलं, विचारून सांगतो.