शेजारची सीट

डब्याचं झाकण खट्कन उघडलं, तशी लायसन्सच्या परीक्षेच्या खोलीबाहेर बाकावर बसलेल्या एका बाईंची पेंग मोडली. शेजारी खाऊचा डबा उघडून एक मुलगी आपल्या आईची उजळणी घेत होती.

"लाल त्रिकोण, टोक खाली?"

"आधी दुसऱ्याला जाऊ द्या."

"हे तर तू घरीच शिकलीस."

"आगाऊपणा पुरे. पुढचं विचार."

"लाल गोल, मध्ये आडवी पांढरी पट्टी?"

"प्रवेश बंद."

"सगळं कसं गं येतं तुला?"

"बाबांना लांबचं दिसेनासं झाल्यापासून टेम्पोत शेजारी बसून पाट्या कोण वाचून दाखवायचं?"

"नापास झालीस तर?"

"टेम्पो विकावा लागेल."

आतून आईचा नंबर पुकारला गेला. ती उठली.

"आई, तू चालवायला लागलीस, की बाबा शेजारी बसून काय करणार?"