खडपाची खूण

—नको, शकूकाकू, चहा नको, खरंच, मी काकांशी बोलून लगेच जाते. हरिश्चंद्रकाका, तुम्ही जाळं विणा, विणता विणता ऐका—माझ्याकडे नाही बघितलंत तरी चालेल. तुमच्या होडीत तीन महिने वह्या भरल्या मी. तुम्हीच म्हणायचात ना, परदेशात शिकलीस नि इथे ओकाऱ्या काढायला आलीस? हसायचात तेव्हा.

तर झालंय असं—माझा प्रबंध विद्यापीठाच्या साइटवर चढला. तिथे सगळ्यांचं संशोधन असतं, आंब्यावरचं, जांभ्यावरचं, नमन-खेळ्यांवरचं, आणि कुणीही, कुठूनही, फुकट वाचायचं. ह्यासाठीच तर परत आले मी! ज्ञान कुलपात ठेवू नये, असं भाषणातसुद्धा म्हणाले होते मी—हो. पाण्याखालचा तुमचा तो खडप, मासळीचा खडक, तोही त्यातच आहे. देवळाचा कळस नि मागचा सुळका होडीतून एका रेषेत आला की खाली तांबोशी मासळी—नकाशासकट. तुम्ही म्हणाला होतात, हे लिहू नकोस, बापाने मला दाखवलं, मी माझ्या दर्शनला दाखवणार. तुमच्यासमोर नाहीच लिहिलं. घरी जाऊन लिहिलं. सर म्हणाले, जागाच गाळलीस तर प्रबंधात उरलं काय? आणि मला वाटलं, वाचतंय कोण! चारशे जणांनी उतरवून घेतलाय, काका. बाहेरच्या बोटी महिनाभर तिथेच गळ टाकून बसल्यात, दर्शन रिकाम्या होडीने परत येतोय, आता जयगडला बंदरात कामाला लागतो म्हणतोय—माहीत आहे मला. सखूमावशी तोंडावरच म्हणाली, "शिकून काय दिवे लावलेस गो!"

काढून टाका म्हणून तीनदा अर्ज केला. माझ्या सांगण्यावर काढत नाहीत. ज्याने माहिती दिली, त्याने संमती मागे घेतली तरच काढतात. हे ते पत्र. एक सही करा, पाया पडते तुमच्या. नाही, अंगठा नको, संमतिपत्रावरच्या सहीशी जुळायला हवी त्यांना—हे बघा, नमुना आणलाय मी, 'ह' असा वरून गोल, शेवटी खाली रेघ, दोनदा गिरवलीत की जमेल—

कुठलं संमतिपत्र? ते... तुम्ही समुद्रावर होतात, मुदत संपत होती, आणि विचारलं असतं तर तुम्ही नाही म्हणाला असतात, म्हणून मीच—

काका? काकू, त्यांना सांगा ना. काका, दार नका—