दहा मिनिटं पुढचं घर

आजच्या या समारंभाचे सन्माननीय अध्यक्ष, आपल्या रक्तपेढीचे संचालक साहेब, रुग्णांच्या गर्दीतून वेळ काढून प्रमुख पाहुण्या म्हणून आलेल्या डॉक्टरबाई, आज निवृत्त होणारे आपले सत्कारमूर्ती, त्यांच्या शेजारी संकोचून बसलेल्या आपल्या सगळ्यांच्या वहिनी, आणि मागच्या रांगेत चहा कधी येतो याकडे डोळे लावून बसलेल्या माझ्या बंधू-भगिनींनो,

अध्यक्षांनी मला आधीच बजावलंय, थोडक्यात बोला. प्रयत्न करते. मी वितरण विभाग सांभाळते. कुठल्या रुग्णालयाला कुठलं रक्त कुठल्या केंद्रातून जाईल हे ठरवते आणि उरलेला दिवस फोनवर ओरडते. त्यामुळे हा माइक नसता तरी काही बिघडलं नसतं.

सत्कारमूर्तींना आपण सगळे नावाडी म्हणतो. नवीन लोकांना वाटतं, यांच्या घरी पूर्वी होड्या असतील. छे हो! पाण्याची इतकी भीती की सहलीत तळ्याकाठी गेलो तेव्हा हे गृहस्थ बसमध्येच बसून राहिले होते. नावं सांभाळतात म्हणून नावाडी. आता नावं सांभाळणं हे काय काम झालं? सांगते. आपण संगणकावर ‘साठा’ असं नाव लिहितो आणि रक्ताचा सगळा साठा समोर दिसतो. पण यंत्रांना नावं कळत नाहीत, त्यांना लागतात आकडे. ‘साठा’ म्हणजे अमुक आकड्याचं यंत्र, हे सांगणारा एक सर्व्हर असतो. तो गप्प बसला किंवा जुनंच काही सांगत राहिला, तर रक्त फ्रीजमध्ये असतं, रुग्ण खाटेवर असतो आणि कुठे काय आहे ते कुणालाच दिसत नाही.

तर हा सर्व्हर ठेवलाय कुठे? शहराच्या दुसऱ्या टोकाला, आपल्या जुन्या इमारतीत. एखाद्या यंत्राचा पत्ता बदलला, तर नवा पत्ता यादीत लिहायचं काम इथे बसून मीही करायचे. पण ‘बाबा रे, यादी पुन्हा वाच’ एवढं सर्व्हरला सांगायला नावाडींना तिथे जावं लागायचं. मेहुण्याच्या लग्नात भरल्या ताटावरून उठून गेलेत. मुलीच्या पदवीदानाला पोचले तेव्हा सभागृहात खुर्च्या उचलणं चाललं होतं. आणि वहिनींच्या आधीच्या एका छोट्या ऑपरेशनला, त्या शुद्धीवर आल्या तेव्हा समोर कोण होतं? परिचारिका. हे जुन्या इमारतीत यादी वाचून घेत होते.

मी कितीदा म्हटलं, “अहो, सर्व्हरला दुरून हुकूम देता येतो म्हणे. मग ते बसवत का नाही?” तर म्हणायचे, “ताई, दुरून ऐकायची सवय लागली की तो कुणाचंही ऐकेल.” झालं! विषय संपला.

मग गेल्या वर्षी वहिनींच्या हृदयाची झडप बदलायचं ठरलं. मोठं ऑपरेशन, त्यात रक्तगट दुर्मीळ. वहिनींनी रडारड केली नाही, भांडल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, “या वेळी मी डोळे उघडीन तेव्हा तुम्ही मला समोर हवे आहात.” दुसऱ्या दिवशी नावाडी कामावर आले ते थेट दुरून हुकूम देण्याचं साधन बसवायलाच.

मीही त्यांच्यासोबत जुन्या इमारतीत गेले आणि ते काम जवळून पाहिलं. खरं कारण सांगायचं तर तिथला पंखा आमच्या पंख्यापेक्षा बरा आहे. आधी त्यांनी परवलीची एक लांबलचक अक्षरांची माळ तयार केली. तीच माळ सर्व्हरकडे आणि तीच घरच्या जुन्या लॅपटॉपवर. मग सर्व्हरला बजावलं, की फक्त या एका लॅपटॉपचंच ऐकायचं, तेही एकाच ठरलेल्या दारातून. सगळं झालं आणि सर्व्हर काही उठेचना. का? तर एका ओळीच्या शेवटी अर्धविराम राहिला होता. माझ्या शाळेतल्या बाईंनी सुद्धा एवढी अडवणूक कधी केली नाही! तो अर्धविराम घातला, लॅपटॉपवरून विचारलं, ‘काय रे, जागा आहेस का?’ आणि पलीकडून उत्तर आलं. नावाडी लहान मुलासारखे हसले. लॅपटॉप पिशवीत घालून घरी गेले.

आता ऑपरेशनची सकाळ. डॉक्टरबाई, तुम्हाला आठवत असेलच. वहिनी खाटेवर, नावाडी शेजारच्या स्टुलावर मांडीवर लॅपटॉप घेऊन, आणि मी इथे माझ्या टेबलाशी. आणि नेमकं त्याच सकाळी साठ्याचं यंत्र बसलं. बसलं म्हणजे गेलंच. राखीव यंत्र तयार होतं, त्याचा पत्ता मी लगेच यादीत लिहिला. राहिलं काय? यादी पुन्हा वाचणं. जुन्या इमारतीची किल्ली? संचालक साहेबांकडे. साहेब? परगावी परिषदेला, किल्ली खिशात घेऊन. साहेब, रागावू नका, आज निरोपाचा दिवस आहे म्हणून बोलून टाकते.

तिकडे रुग्णालयात साठा दिसेना. डॉक्टरबाई वहिनींच्या खाटेपाशी येऊन म्हणाल्या, “तुमच्या गटाचं रक्त कुठे आहे तेच कळत नाही. हाताशी रक्त असल्याशिवाय मी सुरू करणार नाही. पुढे ढकलावं लागेल.” आधी एकदा तापामुळे ढकललं होतंच, आणि झडपेचं दुखणं काही थांबायला तयार नव्हतं. एकेका केंद्राला फोन करून शोधायचं तर अख्खा दिवस गेला असता. फोनवर मी एकसारखी ओरडत होते, “नावाडी, द्या ना तो हुकूम!”

“देतोय हो ताई! ऐकतच नाहीये!”

परवलीची माळ त्यांनी पुन्हा पुन्हा ताडून पाहिली. अक्षर न अक्षर बरोबर. सर्व्हर आपला दार आपटून मोकळा. शेवटी काकुळतीला येऊन ते मला पडद्यावरचा निरोप मोठ्याने वाचून दाखवायला लागले, “संबंध तोडला म्हणतोय. कारण काय, तर परवलीची अक्षरं चुकली असतील, नाहीतर या यंत्राला परवानगी नसेल, नाहीतर दोन्हीकडची घड्याळं जुळत नसतील.”

आणि फोनमधून मला मागून वहिनींचा बारीक आवाज ऐकू आला. “अहो, घड्याळ म्हणजे त्या लॅपटॉपचं का?”

“अगं, तू शांत पड. बोलू नकोस.”

“नाही, ते मी जुळवलंय.”

“कशाशी?”

“आपल्या घराशी.”

मंडळी, आता तुम्हाला या घरातली गंमत सांगायला हवी. नावाडींची बस चुकू नये म्हणून वहिनींनी लग्नानंतर लगेच घरातली सगळी घड्याळं दहा मिनिटं पुढे केली. स्वयंपाकघरातलं, बैठकीतलं, गजराचं, यांच्या मनगटावरचं सुद्धा. रुग्णालयात न्यायची पिशवी भरताना त्यांनी लॅपटॉप उघडून पाहिला. बिचारा सगळ्या घराच्या मागे पडलेला! एवढ्या महत्त्वाच्या दिवशी यांना उशीर नको, म्हणून त्यालाही नेऊन बसवला घराच्या ओळीत.

आणि सर्व्हरचा नियम असा, की हुकमावर वेळेचा शिक्का लागतो. जुना हुकूम चोरून कुणी पुन्हा वापरू नये म्हणून. त्याला वाटलं, हा कोण दहा मिनिटांनंतरचा माणूस आत्ताच येऊन मला हुकूम देतोय? फेटाळला. त्याच्या जागी मी असते तर मीही फेटाळला असता.

नावाडींनी घड्याळ मागे घेतलं. हुकूम दिला. आणि माझ्यासमोर, या डोळ्यांसमोर, ‘साठा’ उघडला. वहिनींच्या गटाच्या पिशव्या कुठे? त्याच रुग्णालयाजवळच्या आपल्या केंद्रात. हाकेच्या अंतरावर! मी पिशव्या पाठवल्या, फोन ठेवला आणि टेबलावर डोकं टेकून रडले. लोकांना वाटलं, काहीतरी वाईट झालं. अहो, सुटले म्हणून रडत होते!

ऑपरेशन उत्तम झालं. इतकं उत्तम की आज वहिनी जिना चढून वर आल्या आणि मला म्हणाल्या, तुम्हालाच धाप लागलेली दिसते. आणि त्यांनी डोळे उघडले तेव्हा नावाडी समोर होते. पहिलं वाक्य काय बोलल्या असतील? “किती वाजले?” नावाडींनी मनगटावर पाहिलं, दहा मिनिटं वजा केली आणि खरी वेळ सांगितली. आता आवरतं घेते.

आपण सर्वांनी मिळून नावाडींना भेट म्हणून भिंतीवरचं घड्याळ आणलंय. ते त्यांच्या हाती देण्याआधी मला सगळ्यांसमक्ष एक विचारायचंय. वहिनी, हे घड्याळ तरी आहे त्या वेळेवर राहू द्याल ना? उभ्या राहू नका, बसूनच सांगा. काय म्हणालात? जरा मोठ्याने, मागे ऐकू गेलं नाही.

मंडळी, वहिनी म्हणतायत, “आता कशाला पुढे करू? आता हे घरीच आहेत.”

यापुढे मी काय बोलणार? मला इथे उभं केल्याबद्दल अध्यक्षांचे आभार, वहिनींना आमच्याकडे परत पाठवल्याबद्दल डॉक्टरबाईंचे आभार, आणि एवढा वेळ चहाविना ऐकून घेतल्याबद्दल तुमचे आभार. फोनवर बोलायची सवय आहे, त्यामुळे कुठे आवाज चढला असेल, कुणाची जास्त थट्टा झाली असेल, तर मोठ्या मनाने पोटात घाला. साहेब, ती किल्लीची गोष्ट विशेष करून पोटात घाला.

आणि नावाडी, आज बस चुकली तरी चालेल. सावकाश घरी जा.