चवळीखाऊंचं गाव

कैता आणि कुलिबाली या आडनावांची माणसं भेटली की एकमेकांना चिडवायचंच, आणि कुलिबालींना ‘चवळीखाऊ’ म्हणायचंच, ही त्या मुलखातली जुनी रीत. सेगू शहराहून सुटलेल्या गाडीत आज असे दोघं शेजारीच बसले होते आणि मागच्या बाकावर कुलिबालीच्याच गावची नियेले कान देऊन ऐकत होती.

कैता म्हणाला, “आम्ही राजघराण्यातले. तुम्ही चवळीखाऊ! तुमच्या गावावरून जाताना आम्ही नाक दाबायचो.”

“दाबायचात. आता घरागणिक संडास आहे, महाराज. ठेकेदार नाही, कोणी नाही. खड्डे आम्ही खणले, भिंती बायकांनी लिंपल्या.”

“कैतांनी शिकवलं असणार.”

“कैता अजून झुडूप शोधतात, ते काय शिकवणार! का हो, पोट का धरलंत?”

“ड्रायव्हर, थांबव बाबा. पोटात कळ आलीय. त्या झुडपामागे जाऊन येतो.”

“झुडपामागे? अहो, हेच आमचं गाव! वर्षभरात तिथं कोणी बसलेलं नाही.”

नियेलेला राहवेना.

“ते निळं दार माझं. खड्डा मी स्वतः खणलाय, निर्धास्त बसा. साबण रांजणापाशी आहे.”

बऱ्याच वेळाने ओले हात झटकत कैता परतला.

“काय महाराज?”

“काही नाही. घरी गेल्यावर बायकोला सांगतो, आज चवळी शिजव.”