सौंसरच्या विहिरीचं पाणी

अरे, मुंबईची ते पाण्याची गोष्ट तुमाले सांगितलीच नाही वाटते. टायपिंगच्या ट्रेनिंगले महिनाभर जाचं होतं. मोठे बाबा म्हणाले, “तिथं चारही बाजूनं समुद्र हाये. नळालेही खारंच येत असन. घरचं पाणी घेऊन जाय.”

मी आमच्या गावाहून, सौंसरहून विहिरीचं पाणी कॅनभर नेलं अन् घोटघोट पिऊन राहिलो.

मुंबईत जिथं खोली घेतली, तिथल्या घरमालकिणीनं पाहिलं. “गंगाजल ना? सासरे अंथरुणाला खिळलेत, थोडं द्याल?”

नाही म्हणाची हिंमत झाली नाही. दिलं. दोन दिवसात म्हातारा उठून बसला! मग मालकीण रोजच पाणी मागे. कॅन रिकामी झाली, तवा भीतभीत तिचाच नळ चाखला. गोड! गुपचूप कॅन भरली.

म्हातारा पिऊन म्हणाला, “वा! असं पाणी आमच्या मुंबईत कुठलं?”